नाणेघाटात पाणी कुणी दिलं?

नाणेघाटात जाऊन आलेल्या माणसाला विचारा, तिथलं काय लक्षात राहिलं? दहातले नऊ जण एकच गोष्ट सांगतील: घाटाच्या तोंडाशी असलेला तो भलामोठा दगडी रांजण. सातवाहनांच्या काळी येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घ्यायचे, नाणी त्या रांजणात टाकायचे, म्हणून हा नाणेघाट. गोष्ट झकास आहे. शाळेच्या सहलीत सांगतात, गाईड सांगतात, आता रील्समध्येही सांगतात. माझ्या पीएचडीचा विषय त्या रांजणापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच्याकडे फार थोडे जण वाकून बघतात. कातळात खोदलेली पाण्याची टाकी.

"टाक्यांवर पीएचडी? गच्चीवरच्या का?" हा प्रश्न मला आजवर तीन लग्नांत आणि एका बारशात विचारला गेलाय. तेव्हा एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. त्यासाठी जानेवारीत केलेल्या तीन दिवसांच्या फेरीचा आधार घेते, कारण या फेरीत मुद्दा आपोआप समोर मांडला गेला. आम्ही पाच जण होतो. एक मागून आणलेली जीप, दोन तंबू, एक गॅसची शेगडी. पाचांतला एक भूशास्त्रात पीएचडी करतोय (त्याला यापुढे 'भूशास्त्री' म्हणते, त्याला ते आवडतं). रस्ता असा: कल्याण, मुरबाड, माळशेज, जुन्नर, घाटघर. पहिली रात्र घाटघरला, दुसरी लेण्याद्रीला, तिसऱ्या दिवशी मानमोडीचा डोंगर आणि परत.

निघायच्या आधी सगळ्यात मोठी चर्चा झाली ती पाण्याची. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर धरलं तरी पाच माणसं, तीन दिवस, म्हणजे साठ लिटर. वीस लिटरचे तीन जार. साठ किलो वजन. जीपला त्याचं काही नाही. पण हेच गणित दोन हजार वर्षं मागे नेऊन बघा. त्या वेळी घाटातून माल जायचा तो बैलांच्या पाठीवर. पाठाळाचा बैल साधारण शंभर-सव्वाशे किलो वाहतो असं धरलं, तर पाच माणसांचं तीन दिवसांचं नुसतं पाणी न्यायला अर्धा बैल खर्ची पडला. मग कापूस कशावर लादायचा? थोडक्यात, तांडा पाणी सोबत नेऊ शकत नाही. वाटेत पाणी असायलाच हवं. हे इतकं साधं आहे की सहसा कुणी त्याबद्दल लिहीत नाही. व्यापारी मार्गांवरच्या पुस्तकांत मालाच्या याद्या असतात, नाणी असतात, बंदरं असतात. तहान नसते.

मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावाशी आम्ही दोन तुकड्या केल्या. मी आणि भूशास्त्री पायी नाणेघाट चढणार, बाकीचे तिघं जीप घेऊन माळशेजमार्गे जुन्नर, आणि तिथून तीस-पस्तीस किलोमीटर मागे पश्चिमेला येऊन घाटमाथ्यावर. नकाशा बघितलात तर हा केवढा वळसा आहे ते कळेल. आम्ही रमतगमत तीन तासांत वर पोचलो, आणि जीप आमच्यानंतर वीस मिनिटांनी आली. (वाटेत मिसळ खायला थांबलो नसतो तर जिंकलो असतो, असं जीपवाल्यांचं म्हणणं. नोंदवून ठेवते.) कोकणातून देशावर चढायला ही वाट किती सरळ आहे, हे पायांना कळतं तसं नकाशावरून कळत नाही. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नर, त्याच्या पलीकडे पैठण. दामोदर धर्मानंद कोसंबी याच कारणासाठी या वाटा स्वतः पायी फिरले होते. लेणी एकांतासाठी नुसती कुठेतरी कोरलेली नाहीत, ती घाटवाटांच्या आणि व्यापाराच्या हिशोबाने बसलेली आहेत, हा मुद्दा त्यांनी पन्नाशीच्या दशकापासून लावून धरला. पुढे हिमांशू प्रभा राय यांनी १९८६च्या 'मोनॅस्टरी अँड गिल्ड' या पुस्तकात विहार आणि व्यापारी श्रेणी यांचं नातं सविस्तर मांडलं. माझं काम या दोघांच्या खांद्यावर उभं आहे. फक्त प्रश्न थोडा खालच्या पातळीवरचा आहे. अक्षरशः खालच्या, जमिनीत खोदलेल्या.

घाट चढून संपत येतो तिथे मोठं लेणं आहे. तिन्ही बाजूंना दगडी बाक असलेली एक खोली. तिच्या दोन भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे: सातवाहन राणी नागनिकेचा. काळ साधारण इ.स.पू. पहिलं शतक. त्यात देवांना वंदन आहे, केलेल्या यज्ञांची यादी आहे, आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचे आकडे आहेत. हे आकडे भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी आहेत, त्यामुळे गणिताच्या इतिहासातही नाणेघाटाचं नाव येतं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी वगैरे. आता नावं शिल्लक आहेत आणि काही पावलांच्या खुणा. १८२८च्या सुमाराला विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं, आणि १८७०च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो व्यवस्थित वाचून छापला. भगवानलालांनी केलेल्या नकला आज आम्हाला सोन्यासारख्या आहेत, कारण तेव्हा दिसणारी काही अक्षरं आता दिसत नाहीत.

एक गोष्ट लक्षात घ्या. या एवढ्या मोठ्या लेखात दान आहे, यज्ञ आहे, वंशावळ आहे. त्या रांजणात जकात टाकायचे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. या वाटेवर जकात घेतच नसतील असं मी म्हणत नाही. एवढ्या मोक्याच्या खिंडीत राज्यकर्ते हात बांधून बसले असतील हे अवघडच. पण रांजण म्हणजे जकातीचा गल्ला हा निष्कर्ष नावावरून आणि दंतकथेवरून काढलेला आहे. आणि मला नेहमी गंमत वाटते की आपण त्याला म्हणतो काय, तर रांजण. आपल्या घरात रांजण कशासाठी असतो?

आता टाक्यांकडे या. मुख्य लेण्याच्या आसपास छोटी लेणी आणि पाण्याची टाकी आहेत, आणि घाटातले काही छोटे लेख या टाक्यांबद्दलचे आहेत. एकात म्हटलंय की ही 'पोढी' म्हणजे सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. दुसरा लेख वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी या राजाच्या तेराव्या वर्षातला आहे, त्यात कामवनच्या दामघोषाने पोढी दिल्याचं सांगितलंय. पोढी हा त्या काळच्या प्राकृतातला टाक्यासाठीचा शब्द. मुंबईजवळच्या कान्हेरीत तो पानीयपोढी, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं टाकं, असाही येतो. (आपल्या पाणपोईतली 'पोई' याच्यापासून आली असावी असं मलाही पहिल्या वर्षी वाटायचं, पण ती संस्कृत 'प्रपा'ची नात आहे. प्रपा पुढे येईलच.) दानासाठी शब्द आहे 'देयधम'.

म्हणजे बघा, आजच्या नालासोपाऱ्याचा एक माणूस. राजा नाही, मंत्री नाही, निदान लेखात तरी तसं काही नाही. गाव आणि नाव, एवढंच. तो घर सोडून इतक्या लांब, डोंगराच्या माथ्यावर, स्वतःच्या पैशाने कातळात टाकं खोदून घेतो. नाणेघाटात कुणी पैसे घेतले याचा पुरावा शोधत आपण रांजणात डोकावतो. कुणी पाणी दिलं हे मात्र दगडावर नावासकट लिहिलेलं आहे.

टाकं खोदणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही, आणि इथे भूशास्त्री उपयोगी पडतो. सह्याद्रीचा हा भाग म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांची चवड. सगळे थर सारखे नसतात. काही घट्ट, एकसंध काळा पाषाण. काही जाळीदार, लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेले, आणि त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजं भरलेली. दोन थरांच्या मध्ये कधी गेरूसारखी तांबडी मातकट पट्टी असते. कड्याकडे लांबून बघितलं तर या पट्ट्या स्पष्ट दिसतात. टाकं खोदायचं असेल तर घट्ट थर हवा. थरात आरपार भेग असेल तर पावसाळ्यात भरलेलं टाकं दिवाळीपर्यंत रिकामं. म्हणून खोदणाऱ्या पाथरवटाला आधी डोंगर वाचता यायला हवा. टाकं अर्धवट सोडलेलं दिसलं की भूशास्त्री सगळ्यात आधी आत उतरतो आणि भेग शोधतो. दर वेळी सापडते असं नाही. कधी पैसेच संपले असतील, कोण सांगणार?

भरण्याची मात्र चिंता नाही. हे गणित मला फार आवडतं, म्हणून करूनच दाखवते. समजा टाकं तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन मीटर खोल आहे. अठरा घनमीटर, म्हणजे अठरा हजार लिटर. घाटमाथ्यावर पावसाळ्यात तीन मीटर पाऊस पडतो असं धरा. मग हे टाकं भरायला किती जागेवरचं पाणी लागेल? सगळं पाणी आत आलं तर फक्त सहा चौरस मीटर. एक मोठी चटई अंथरावी एवढा कातळ! अर्धं पाणी वाया गेलं तरी बारा. म्हणजे इथे अवघड आहे ते पाणी मिळवणं नव्हे, ते पुढचे आठ महिने टिकवणं.

आणि टाक्याची सगळी घडण त्यासाठीच आहे. तोंड लहान, पोट मोठं. नऊ चौरस मीटर पाणी उघडं ठेवलं आणि उन्हाच्या दिवसांत रोज सहा मिलिमीटर उडालं, तर दिवसाला चोपन्न लिटर गेले. तोंड एक चौरस मीटरचं ठेवलं, बाकीचं पाणी कातळाच्या छपराखाली, तर नुकसान काही लिटरांवर येतं. सावलीत पाणी गार राहतं आणि ऊन नसल्याने शेवाळही कमी धरतं. मोठ्या टाक्यांत छप्पर पेलायला मधे खांब सोडलेले असतात. काही ठिकाणी तोंडाच्या आधी एक छोटा खळगा असतो, गाळ तिथे बसावा आणि निवळ पाणी आत जावं म्हणून. तोंडाच्या कडेला खाच असते, झाकणाची किंवा लाकडी चौकटीची असावी. आणि लेण्याच्या कपाळावर पन्हळ असते, ओघळणारं पाणी दारात न पडता बाजूला, बऱ्याचदा टाक्याकडे वळवणारी. आम्ही प्रत्येक टाक्याच्या या सगळ्या गोष्टींची नोंद करतो: मापं, तोंड, खाचा, पन्हळ, लेख आहे का, आणि पायवाटेपासून किती पावलं. हा शेवटचा रकाना माझा लाडका आहे, त्याचं कारण पुढे सांगते.

लेख वाचायची आमची पद्धतही जाता जाता सांगते, कारण तंबू घेऊन जाण्यामागे तेच खरं कारण होतं. भर दुपारी झिजलेली ब्राह्मी दिसत नाही. समोरून ऊन पडलं की अक्षरं सपाट होतात. सकाळी किंवा संध्याकाळी, उजेड भिंतीला घासून येतो तेव्हा प्रत्येक रेघ सावली टाकते. म्हणून कॅमेरा एका जागी पक्का ठेवायचा आणि टॉर्च वेगवेगळ्या बाजूंनी तिरका धरत फोटो घ्यायचे. मग संगणकावर ते एकत्र करून, उजेडाची दिशा हवी तशी फिरवत वाचायचं. मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्याला नेमका तोच उजेड मिळत नाही. आम्ही सूर्य मावळेपर्यंत काम केलं आणि अंधार पडायच्या आत तिथून निघालो. संरक्षित स्मारकात मुक्काम करता येत नाही, आणि करूही नये.

तंबू ठोकले घाटघरला, एका ओळखीच्या मावशींच्या अंगणात. समोर जीवधनचा काळाकभिन्न कडा. मावशींनी चुलीवर पिठलं-भाकरी केली, त्यामुळे आमच्या शेगडीची अब्रू वाचली. गार वाऱ्यात बसून मी माझं दुसरं गणित मांडलं. तेच अठरा हजार लिटरचं टाकं. पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले, तर पंधरा माणसांना पावसाळ्यानंतरचे आठ महिने पुरतं. पण बैल दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. शंभर बैलांचा तांडा आला तर तीन-चार हजार लिटर. पाच-सहा दिवसांत टाकं कोरडं! म्हणजे ही टाकी जनावरांसाठी नाहीत. माणसांसाठी आहेत. बैलांना ओढ्यावर नेत असणार, आणि ओढे वाहतात ते साधारण पौष-माघापर्यंत. तांड्यांच्या वाहतुकीचा हंगाम त्यामुळेच पावसाळा संपल्यापासून ओढे आटेपर्यंत असावा, असा माझा अंदाज आहे. मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमची गुरं बी तवर वरच असत्यात, मग खाली न्यायला लागत्यात." मी वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जुन्नर. जुन्नरच्या चारही बाजूंच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी खोदलेली आहेत, भारतात एका गावाभोवती एवढी क्वचितच असतील. तुळजालेणी, शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री. तुळजालेण्यातलं बारा खांबांचं गोल चैत्यगृह एकदा तरी बघाच, मी त्याबद्दल इथे लिहीत बसत नाही. माझ्या विषयाच्या दृष्टीने जुन्नर म्हणजे दात्यांची डिरेक्टरी आहे. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या माणसाने, दोन पोढ्या दिल्या. नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी एक पोढी आणि मंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. लेण्याद्रीचं चैत्यगृह दिलं कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाने, सुलसदत्ताने. हेरणिक म्हणजे सोनार किंवा सोन्यानाण्याचा व्यवहार बघणारा. कल्याणहून जुन्नरला हा माणूस कुठल्या वाटेने आला असेल, हे आता तुम्हीच सांगा. आणि एका शकाने तर करंजाची आणि वडाची झाडं लावायला जमीन दिलीय. सावलीचाही विचार झाला होता तर.

इथे एक अडचण आहे आणि माझे गाईड ती मला दर बैठकीत आठवण करून देतात. जुन्नरची टाकी विहारांत आहेत. ती भिक्षूंसाठी दिलेली आहेत. वाटसरूला तिथे पाणी मिळत असेलही, पण लेख तसं सांगत नाही. 'देयधम' हा शब्द तर बौद्ध दानांत सर्रास येतो. मग लेण्यातलं प्रत्येक टाकं म्हणजे वाटसरूंची सोय, असं कसं म्हणणार? नाही म्हणता येत. म्हणूनच नाणेघाट महत्त्वाचा. तिथलं मुख्य लेणं विहार नाही, त्यातला लेख वैदिक यज्ञांचा आहे, आणि टाकी वाटेच्या काठावर आहेत. तिथे पाणी पिणार कोण, तर वर चढून आलेला माणूस. माझ्या तक्त्यातला 'पायवाटेपासून किती पावलं' हा रकाना त्यासाठी आहे. विहाराच्या पोटातलं टाकं आणि वाटेच्या काठावरचं टाकं यांच्या घडणीत फरक आहे का? तोंडाची उंची, चढायच्या पायऱ्या, झाकणाची खाच, एकाच वेळी किती जण पाणी काढू शकतील? फरक दिसला तर लेख नसलेल्या टाक्यांबद्दलही काही म्हणता येईल, आणि सह्याद्रीत लेख नसलेली टाकीच जास्त आहेत.

वाटसरूंच्या सोयीचा विचार त्या काळी होता याचा मात्र पक्का पुरावा आहे, तो नाशिकच्या लेण्यात. नहपानाचा जावई उषवदात याचा लेख. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहानुका या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, आणि त्यांच्या दोन्ही काठांवर लोकांना बसायच्या जागा आणि प्रपा, म्हणजे पाणपोया. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, सोपारा इथे राहायच्या जागा, विहिरी, तळी. शेवटची नदी डहाणूची आणि तिसरी दमणची. म्हणजे आपल्या रोजच्या ओळखीतली नावं. साधारण त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तिकेत पैठणचा माल गाड्यांवरून भरुकच्छला जायला वीस दिवस लागतात असं लिहिलंय, आणि कल्याण बंदराचा व्यापार त्या सुमाराला अडवला जात होता असंही. क्षत्रप आणि सातवाहन यांच्यात या वाटांवरून झगडा चालू होता. एकीकडे बंदरं अडवायची, दुसरीकडे नदीकाठी पाणपोई घालायची. दोन्ही राजकारणच, असं मला वाटतं. वाट ज्याची सुखाची, व्यापारी त्याच्या वाटेने जाणार.

जुन्नर परिसरात तंबू ठोकायचा बेत आम्ही आनंदाने रद्द केला, कारण उसाची शेतं आणि बिबटे. रात्री लेण्याद्रीच्या पायथ्याशी भाविकांसाठीच्या खोलीत झोपलो. उषवदाताच्या भाषेत प्रतिश्रय. गरम पाण्याची बादली वीस रुपये.

आता जे सांगायचंय त्यामुळे खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली. नाणेघाटातून निघताना आमच्या शेजारी एक मोठा गट आला होता. त्यातल्या चौघांनी एका टाक्याच्या तोंडाशी बसून साबण लावून भांडी घासली, आणि खरकटं पाणी परत टाक्यात सोडलं. आम्ही सांगितलं तर उत्तर आलं, "हे साठलेलं पाणी आहे, कोण पितंय?" मी वरची सगळी गणितं ज्या टाक्यांवर करते त्यांच्यात वाहतं पाणी नसतं. एकदा साबण गेला की पुढचा पाऊस येऊन टाकं भरून वाहीपर्यंत तो तिथेच. आणि 'कोण पितंय' याचं उत्तर आदल्या रात्री आम्हाला जेवायला वाढत होतं. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी चार, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, याच तालुक्यात आहेत, पण त्यांचं पाणी उताराने खाली जातं. घाटमाथ्यावरच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन निघावं लागतं. पावसाळ्यात एवढं पाणी झेलणाऱ्या डोंगरावर! मावशींच्या लहानपणी ओढा आटला की डोंगरातल्या एका टाक्यावर पाणी भरायला जायचे. आजही गुराख्यांना तेच पाणी. टाकं ही वस्तू अजून वापरात आहे. दोन हजार वर्षांनंतर सार्वजनिक कामाची किती बांधकामं चालू अवस्थेत असतात?

तेव्हा जाल तर एवढं करा. पिण्याचं पाणी सोबत न्या, गाडी आहे ना. टाक्यातून पाणी काढायचंच असेल तर स्वच्छ भांडं दोराला बांधून काढा, आत हात-पाय घालू नका, पोहायला तर मुळीच उतरू नका. भांडी घासायची तर उताराला, टाक्यापासून लांब, राखेने. लेखांवर पाणी, खडू, पावडर काही टाकू नका, अक्षरं उठून दिसतात म्हणून लोक टाकतात आणि दगड खराब होतो. टॉर्च तिरका धरा, तेवढ्यात काम होतं. मुक्काम गावात करा, जेवण गावात घ्या.

निघताना मी मावशींना विचारलं, त्या टाक्यात वर्षभर पाणी असतं का? जानेवारीत मला ते काठोकाठ भरलेलं दिसलं होतं. त्या हसल्या. "आता समदीच भरल्याली दिसत्याल. मे महिन्यात ये, मंग कळंल कुठलं टाकं खरं." भूशास्त्री म्हणाला, ही आपली पुढची फील्डट्रिप. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घाटघर, या वेळी मोजपट्टी, दोर आणि नाणेघाट ते जुन्नर वाटेवरच्या टाक्यांची यादी घेऊन. किती पाणी उरलंय ते मोजलं की लिहीन.